शिवणीत दोन बोटं माया

(बालवेशभूषा स्पर्धेच्या पूर्वतयारीनिमित्त श्रावणातल्या मासिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)

मागे दाराशी उभं राहून "आटपा लवकर, साबुदाण्याची खिचडी गार होतेय" असं डोळ्यांनी सांगणाऱ्या मित्रांनो,

कार्यकारिणीने आम्हाला दिलेला विषय आहे 'बालवेशभूषा : पूर्वतयारी'. आम्ही म्हणजे आम्ही दोघं, नवराबायको. माईकपुढे एकच उभा असला तरी जे सांगायचं आहे ते दोघांनी मिळून केलेलं आहे, म्हणून आम्ही सगळीकडे 'आम्ही'च म्हणणार. आमच्यापैकी एकीला मशीन चालवता येते आणि दुसऱ्याला कागदावर आखता येतं. आखण्याचं श्रेय सिव्हिलच्या डिप्लोमाला. पॉलिटेक्निकात तीन वर्षं पुलांचे आणि नाल्यांचे आडवे-उभे छेद काढले, उपयंत्री म्हणून नोकरीतही तेच चाललंय. पाच वर्षांच्या पोराचा खांदा आणि बाही जोडणं हे नालीच्या वळणापेक्षा अवघड असतं, हे मात्र आम्हाला फार उशिरा कळलं.

शिवणकाम आम्ही हौसेने सुरू केलं नाही. काय झालं ते आधी सांगतो. इथल्या बऱ्याच जणांनी ते पाहिलेलंच आहे.

चार वर्षांपूर्वी आमची थोरली पाच वर्षांची होती. स्पर्धेत तिला राधा व्हायचं होतं. नागपंचमीलाच आई म्हणाली होती, "मी शिवते घागरा, माझी जुनी इरकल आहे, तिचे काठ लावते." आईच्या डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू पिकत होता. आम्ही म्हटलं, "राहू दे आई, कशाला डोळे शिणवतेस? भाड्याने मिळतो हल्ली." खरं कारण डोळ्यांचं नव्हतं. दोघांच्या नोकऱ्या, संध्याकाळी कापड आणायला जायचा कंटाळा, आणि भाड्याचा घागरा दिसतोही झगमगीत. आम्ही तो आणला. आत चार पदरी ताठ जाळी, वर चमकी, कमरेला घट्ट इलॅस्टिक. पोरगी आरशासमोरून हलेना.

स्पर्धा झाल्यावर आरतीला मुलांना त्याच पोशाखांत मखरासमोर उभं करायची आपली पद्धत होती. समई खाली, पाटावर होती. "मागे सरा, मागे सरा" म्हणताना मुलं पुढे सरकली, आणि घागऱ्याचा घेर समईवरून गेला. सुती कापड पेटलं तर आधी ज्योत दिसते, मग आपण धावतो. ही जाळी पेटली आणि पेटता पेटता वितळू लागली. वितळलेला थेंब पायाला चिकटला. पोरगी ओरडली नाही, नुसती आ वासून उभी राहिली. आम्ही दोघं टाळ्या वाजवत होतो, आमच्या लक्षात येईपर्यंत आई उठली होती. जिला समोरचा माणूस नीट दिसत नव्हता, तिने खालची सतरंजी ओढली, नातीला तिच्यात गुंडाळलं आणि आडवं केलं. मग कोणीतरी पाय नळाखाली धरला आणि वीस मिनिटं तसाच धरून ठेवला. टूथपेस्ट लावा, हळद लावा, असं सांगणारे होते. त्यांचं ऐकलं नाही. ते बरं केलं, असं डॉक्टर नंतर म्हणाले.

पोटरीवर दोन बोटं रुंद डाग आहे, अजून आहे. भाग्याने तेवढ्यावर भागलं. अनामत रक्कम अर्थातच परत मिळाली नाही, आणि त्याबद्दल आमची तक्रारही नाही. घागरा आम्ही जाळून नेला होता. तक्रार असलीच तर स्वतःबद्दल होती. घरात मशीन होती, शिवणारी होती, इरकलीचे काठ होते.

आणखी एक गोष्ट त्या वर्षी घडली, ती आम्हाला बऱ्याच उशिरा समजली. नोंदणीत नाव असलेली दोन भावंडं त्या दिवशी आलीच नाहीत. ताप आला म्हणून कळवलं होतं. ताप नव्हता. दोन मुलांचं भाडं आणि दोन अनामती एकदम भरणं घरच्यांना झेपलं नाही, आणि "इतरांचं झगमगीत आणि आपलं साधं" असं होऊ नये म्हणून त्यांनी मुलांना घरीच ठेवलं. आपल्याच मंडळातलं घर. नाव सांगत नाही, तुम्हीही आठवत बसू नका.

पुढे वाचनात आलं की असलं काही घडणारे आपण एकटे नाही. 2014 साली ब्रिटनमध्ये हॅलोविनच्या रात्री एका दूरदर्शन-निवेदिकेच्या आठ वर्षांच्या मुलीचा विकतचा पोशाख मेणबत्तीने असाच पेटला. मुलगी गंभीर भाजली. मग चौकशी झाली तेव्हा लोकांना कळलं की तिथे मुलांच्या रात्रीच्या कपड्यांना आगीची कडक चाचणी होती, पण वेशभूषेचे कपडे कायद्याने 'खेळणी' या सदरात मोडत होते, आणि खेळण्यांची चाचणी सौम्य होती. त्यानंतर तिथल्या मोठ्या दुकानदारांनी चाचण्या वाढवल्या. आपल्याकडे भाड्याच्या घागऱ्याला कोण चाचणी लावणार? ती आपणच करायची, आणि ती सोपी आहे. कापडाच्या कडेचे चार धागे ओढून काढा, चिमट्यात धरा, खाली स्टीलचं ताट ठेवा, मुलांना लांब बसवा आणि काडी लावा. सूत असेल तर कागद जळल्याचा वास येतो आणि मऊ राख पडते. पॉलिस्टर किंवा नायलॉन असेल तर धागा आकसतो, वितळतो आणि थंड झाल्यावर कडक काळा मणी उरतो. तो मणी नखाने फोडून पाहा, फुटत नाही. सूतही पेटतं, त्याने निर्धास्त होऊ नये. पण ते अंगाला चिकटून राहत नाही.

आता कापडाकडे येऊ. आपण बुऱ्हाणपुरात राहतो आणि मुलांना सुरतेची जाळी घालतो, याची आम्हाला लाज वाटायला लागली. सतराव्या शतकात ताव्हेर्निये नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या इथून गेला. त्याने लिहून ठेवलंय की इथली तलम, आरपार दिसणारी कापडं इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंड, अरबस्तान आणि कैरोपर्यंत जात; काही रंगीत फुलांची, काही सोन्या-चांदीच्या तारेची. आता ती तलम मलमल राहिली नाही. पण लूम आहेत. रात्री शनवाऱ्याकडून घरी येताना जी खटखट ऐकू येते तिच्यातून मारकीन निघतं, धोतर निघतं, केंब्रिक निघतं, आणि शर्टाच्या कॉलरीत घालायचं बकरम निघतं. देशभरच्या शिंप्यांच्या दुकानात आपल्या गावचं बकरम असतं आणि आपल्या मुलांचे मुकुट मात्र प्लॅस्टिकचे. मारकीन म्हणजे आपल्या आज्यांचं मांजरपाट. स्वस्त असतं, त्यातही एखादा डाग पडलेला तुकडा ओळखीच्या लूमवाल्याकडे आणखी स्वस्तात मिळतो. मावळ्याच्या अंगरख्याला डाग असला तर उलट शोभतो.

पण कोरं मारकीन आणलं आणि लगेच कापलं, असं करू नका. आम्ही केलं. त्यात विणताना लावलेली खळ असते. रात्रभर पाण्यात भिजवून, सकाळी उकळत्या पाण्यात सोड्याबरोबर घालून, नीट धुवून वाळवलं की खळ जाते आणि कापड आटतं. मीटरमागे दोन-अडीच इंच सहज आटतं. आमची पहिली सुरवार आधी शिवली, मग धुतली, आणि ती घालणाऱ्याची गुडघ्याखालची पोटरी उघडी पडली. आई म्हणाली, "धोतर समजा."

दुसरी फजिती शेल्याची. पिवळा शेला हवा म्हणून हळदीत बुडवला. रंग सुरेख चढला. मग डाग दिसला म्हणून एका कोपऱ्याला साबण लावला आणि तो कोपरा लालभडक झाला. हळदीला साबण लागला की ती तांबडी होते, कुंकू करताना हळदीला चुना लावतात तसंच. आम्ही घाबरून सगळा शेला पुन्हा धुवायला निघालो, तेव्हा आईने लिंबू कापून आणलं आणि त्या कोपऱ्यावर पिळलं. पुन्हा पिवळा. रसायनशास्त्रात आम्ही दोघंही पास आहोत, पण हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. हळदीचा रंग उन्हात उडतो, हेही लक्षात ठेवा, वाळवणं सावलीत.

आता बाराबंदी. हा पोशाख आम्ही सगळ्यांना आधी सुचवतो. मुलगा असो, मुलगी असो, मावळा कोणीही होऊ शकतो. पाय मोकळे राहतात आणि समईवरून जाणारा घेर नसतो. बुऱ्हाणपुराला मावळे तसे परके नाहीत. पुरंदरचा तह करणारे मिर्झाराजे जयसिंग 1667 साली इथेच वारले, त्यांची छत्री आपण पाहिलेली आहे. आणि 1681 च्या सुरुवातीला संभाजी महाराजांची फौज बहादुरपुऱ्यावर आली होती, हेही आपल्याला माहीत आहे. तेव्हाच्या इथल्या व्यापाऱ्यांना विचारलं असतं तर त्यांनी या वेशभूषेला बक्षीस दिलं नसतं.

माप घ्यायला मुलाला टेपसमोर उभं करू नका, ते हलतं. शाळेचा सैल होणारा सदरा घ्या, जुन्या वर्तमानपत्रावर पसरा, पेन्सिलीने कडा काढा. बाहेरून चार बोटं सैलपणा. त्याच्या बाहेर शिवणीची माया. आम्ही पहिल्यांदा माया अर्धा इंच ठेवली, ड्रॉइंगमध्ये शिकल्यासारखी नेमकी. आईने हात लावून पाहिलं, दिसत नव्हतं ना तेव्हा, सगळं बोटांनी पाहायची. म्हणाली, "एवढीशी माया? पोर वाढणार नाही का? दोन बोटं ठेव." आम्ही म्हटलं, शिवण जाड होते. ती म्हणाली, "जाड झाली तर टोचणार नाही अशी दाबून घे, पण ठेव." सात वर्षांच्या मुलीसाठी शिवलेली ती बाराबंदी आज नवव्या वर्षी तिला होते, दोनदा उसवून, दोनदा पुन्हा टीप मारून. मध्ये एक वर्ष ती शेजारच्या मुलानेही घातली, तेव्हा आत घेतली होती. आतल्या बाजूला तीन टिपांच्या खुणा दिसतात.

पुढचे दोन भाग एकमेकांवर येतात, उजव्या बाजूला बंद. बारा बंद म्हणजे सहा जोड्या. प्रत्येक बंदाची पट्टी एक इंच रुंद, आठ-नऊ इंच लांब. दुमडून वरून सरळ टीप मारा, नळी करून उलटवत बसू नका, त्यात रात्र जाते. खरी बांधणी मात्र बंदांवर सोडू नका. आत चार टिचबटणं लावा आणि बंद नुसते शोभेला गाठ मारून ठेवा. कारण मूल स्टेजवर जायच्या बरोबर दोन मिनिटं आधी "शू" म्हणतं. हा नियम आहे, याला अपवाद आम्ही पाहिला नाही. ज्या पोशाखातून मुलाला अर्ध्या मिनिटात बाहेर काढता येत नाही तो पोशाख चुकला, मग त्यावर कितीही जर असो. आम्ही एक छोटा औरंगजेब ओला होऊन रडत घरी जाताना पाहिला आहे. सुरवारीला नाडी नको, नेफ्यात सैल इलॅस्टिक घाला. सात वर्षांच्या मुलाला छत्तीस इंच पन्ह्याचं कापड बाराबंदीला दीड मीटर आणि सुरवारीला सव्वा मीटर पुरतं, आटून उरलेलं मोजून.

सेफ्टीपिन एकही नको. घाईत आपण आठ-आठ लावतो आणि त्यातली एक उघडते. कच्चा धावदोरा घाला, दोन मिनिटं लागतात. मिशी काजळाची, चिकटवलेली मिशी ओठावरून ओढताना कातडी सोलते. तोंडावर मुखवटा नको, त्यातून पायरी दिसत नाही. आपल्या हॉलच्या त्या तिसऱ्या पायरीवर मोठी माणसंही अडखळतात, याबद्दल कार्यकारिणीला अर्ज दिलेला आहे.

इथे थोरलीबद्दल सांगायला हवं. भाजल्यानंतरच्या वर्षी तिने स्पर्धेत भाग घेतला नाही. आग्रह केला तर ती काही बोलायची नाही, पलंगाखाली जाऊन बसायची. आरतीलाही मागे, दाराजवळ उभी. आम्ही तिला बक्षिसाचं आमिष दाखवलं, ते चुकलं. त्याच्या पुढच्या वर्षी आम्ही मारकिनाची ती धाग्याची चाचणी करत होतो, ताट-चिमटा-काडी. ती लांबून पाहत होती. मग आली आणि म्हणाली, "मी करू?" आमच्या दोघांच्याही तोंडून 'नको' येणार होतं. आई म्हणाली, "करू दे तिला, मी हात धरते." आईने तिचा हात धरला, तिने धागा धरला, आणि काडी ज्याने लावली त्याचा हात तिच्यापेक्षा जास्त थरथरत होता. धागा पेटला, विझला, राख झाली. तिने राख बोटावर घेऊन पाहिली. मग म्हणाली, "आता त्या घागऱ्याचा लावा." घागरा कुठून असणार? आईच्या पेटीत त्याचा जळका तुकडा होता. कशाला ठेवला होता, आम्ही विचारलं नाही. त्याचा मणी झाला. ती बराच वेळ तो मणी ताटात इकडून तिकडे फिरवत राहिली. त्या वर्षी ती मावळा झाली. अट एकच, सुरवार घोट्याला घट्ट हवी, काही लोंबता कामा नये. बक्षीस वगैरे मिळालं नाही. तिने भाषणच म्हटलं नाही, नुसती मुजरा करून उतरली.

गेल्या वर्षी धाकट्याचा नंबर. तो चार वर्षांचा होता. तीन शिवाजी आणि चार झाशीच्या राण्या आधीच नोंदवलेल्या होत्या, म्हणून आम्ही ठरवलं की आपल्या जिल्ह्याचं काही करू. केळी. पण पिवळं केळं कोणीही करेल, म्हणून केळफूल. बायकोची विटलेली वांगी रंगाची सुती साडी होती. पानाच्या आकाराची चौदा इंच लांब, नऊ इंच रुंद पाती कापली, दुहेरी साडी आणि मधे बकरम. बकरम पूर्ण पातीभर घातलं नाही, मधला भाग तेवढा. कडा मऊ राहिल्या नाहीत तर मानेला आणि काखेला घासतात. ही पाती मारकिनाच्या बिनबाह्यांच्या बंडीवर शिवायची. आम्ही वरून सुरुवात केली आणि गोंधळ झाला, खालची ओळ वरच्या ओळीखाली जाईना. मग ज्याने घरांची छपरं मोजण्यात वीस वर्षं घालवली त्याला सुचलं, की ही कौलं आहेत, खालून लावत यायचं. खालून लावत आलो, बसलं. तीन पदरांतून टीप मारताना चौदा नंबरची सुई दोनदा मोडली. बकरमाला सोळा नंबर घाला. खळीचं बकरम भिजलं की लोळागोळा होतं, म्हणून हा पोशाख धुवायचा नाही, झटकून सावलीत ठेवायचा.

वरच्या पातींच्या आत सायीच्या रंगाच्या बारीक फुलांच्या फण्या शिवल्या होत्या, हात वर केला की पाती उचलली जाऊन त्या दिसाव्यात म्हणून. धावदोरा सगळा थोरलीने घातला. वाकडा आहे, तसाच ठेवला. स्टेजवर परीक्षकांनी विचारलं, "बाळ, तू कोण?" त्याला आम्ही चार ओळी पाठ करून दिल्या होत्या. तो म्हणाला, "भाजी." हात वर करायचं विसरला. उत्तेजनार्थसुद्धा मिळालं नाही, आणि घरी येताना तो आनंदात होता, कारण सगळे हसले होते.

त्या केळफुलाचा पुढचा प्रवास सांगितल्याशिवाय राहवत नाही. धाकटी बहीण न्यू जर्सीत असते. तिथे 31 ऑक्टोबरच्या संध्याकाळी मुलं सोंगं घेऊन घरोघर खाऊ मागत हिंडतात, तेच ते हॅलोविन. इथे काहींना ते भुताखेतांचं वाटतं. आम्हाला आपली भुलाबाई आठवते. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली घरोघर गाणी म्हणत जायच्या आणि डब्यातली खिरापत ओळखायची असायची. खाऊसाठी दारोदार जायला मुलांना कुठलाही देश चालतो. बहिणीने केळफुलाचा व्हिडिओ पाहिला आणि भाचीसाठी तसंच मागितलं. अटी तिच्या: आत स्वेटर जाईल एवढं सैल, कारण तिथे तेव्हा थंडी, आणि मागे चमकणारी पट्टी, कारण मुलं अंधारात रस्त्यावर असतात. भोपळा कोरून आत मेणबत्ती ठेवायची तिथे रीत आहे, म्हणून आईने फोनवर तिला धाग्याची चाचणीही समजावून दिली. भाची घरोघर गेली. शेजाऱ्यांना केळफूल कोणाला ठाऊक? बहुतेकांनी तिला आर्टिचोक समजलं. ती तिकडची एक भाजी असते, अशीच पातीपातींची. म्हणजे शेवटी भाजीच.

आता आपल्या स्पर्धेविषयी. आम्ही कार्यकारिणीला विनंती केली होती ती मान्य झाली आहे, तेवढी सांगून बसतो. यंदा सात वर्षांखालील गटात भाड्याचे पोशाख नाहीत. यावर घरोघरी कुरकुर झाली, ती आमच्या कानावर आली आहे. "आम्हाला वेळ नाही" हे तर आम्हीच चार वर्षांपूर्वी म्हणालो होतो, त्यामुळे त्यावर आम्हाला बोलायचा हक्क कमी. "मशीन नाही" हे खरं असू शकतं, त्याची सोय केली आहे. "मग सगळे साधेच दिसतील" असंही एक ज्येष्ठ सभासद म्हणाले. हो, दिसतील. त्यांनी पहिल्या रांगेत चष्मा लावून बसावं, साध्यातही बरंच दिसतं. विकत घेऊच नये असा नियम नाही. जुनी साडी, ओढणी, बाबांचा फाटका लेंगा, काहीही चालेल, शिवण घरातल्या कोणाचीही असो. वडिलांनी शिवलं तर एक गुण जास्त द्यावा, अशी सूचना आम्ही केली होती. ती हसून फेटाळली गेली. आमच्या ऑफिसात ही गोष्ट कळली तेव्हा लोकांनी दोन महिने 'मास्टरजी' म्हणून हाक मारली, आणि मग त्यांतल्या दोघांनी गुपचूप मुलांची मापं आणून दिली.

दुसरं, आरती आता मुलांनी पोशाख उतरवल्यावर होईल, आणि समई पाटाऐवजी उंच चौरंगावर असेल, पुढे दोरी बांधून. हे आधीच व्हायला हवं होतं.

रविवारी दुपारी तीनपासून मंडळाच्या हॉलमध्ये दोन मशिनी असतील. एक आमची, पायाची, जरा आवाज करते. भिजवून वाळवलेलं मारकीन आणि बकरमाचे तुकडे तिथे ठेवलेले असतील, त्याचे पैसे डब्यात ज्याला जमेल तेवढे टाकावेत. डब्याशी कोणी बसणार नाही. येताना मुलाचा एक जुना सदरा आणा. मूल आणलं नाही तरी चालेल, आणलं तर त्याला आधी शू करून आणा.

आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन या हिवाळ्यात झालं. नेढ्यात दोरा तीच ओवून देणार आहे, आणि तुमच्या शिवणीतली माया बोटांनी मोजणार आहे, तेव्हा कात्री चालवायच्या आधी तिला दाखवा. थोरलीने यंदा वेगळं काही ठरवलंय, काय ते आम्हालाही सांगत नाही. इरकलीचे काठ मात्र आजीकडे मागून घेतलेत.